स्टिअरिंग त्याचं, कॅमेरा माझा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ऑफिसात कुणीतरी खुर्ची गर्रकन फिरवतं आणि विचारतं, 'काय मग, वीकएण्डचा काय प्लॅन?' पाच मिनिटांत चार डोकी जमतात. एकाकडे नवी गाडी असते, दुसरीकडे नवा कॅमेरा. 'लाँग ड्राइव्ह मारू, मस्तपैकी फोटो काढू!' झालं, ठरलं. एका वाक्यात या दोन गोष्टी इतक्या गुण्यागोविंदाने बसतात, की त्या एकमेकींच्या सख्ख्या सवती आहेत हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्याही आलं नव्हतं. २०२४च्या जुलैमध्ये मी आणि नवरा ठाण्याहून भंडारदऱ्याला निघालो. तो आयटीत, मी फ्रीलान्स. म्हणजे त्याला शनिवार-रविवार सुट्टी आणि मला कधीच नाही. दोघांचा एकत्र मोकळा वीकएण्ड महिन्यातून एखादा मिळतो. तोही लग्नं, बारशी आणि गॅसवाल्याची वाट बघणं यातून उरला तर. त्यामुळे हा वीकएण्ड वसूल करायचाच, असा चंग बांधलेला. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी अकरा 'पॉइंट्स'ची यादी दिली होती. सकाळी आरामात नऊला निघालो, कसारा घाटात ट्रकच्या रांगेमागे अडकलो आणि दीड वाजता शेंडीला पोचलो. यादीतला पहिला पॉइंट अजून बघायचाच होता.

मग सुरू झालं आमचं 'थांब थांब थांब!'

घाटातल्या गाडी चालवण्याला एक लय असते. सेकंड, थर्ड, पुन्हा सेकंड, वळण संपता संपता हलकेच अॅक्सिलरेटर. ती लय लागली की माझा नवरा गाणंबिणं बंद करतो आणि एकदम खूष असतो. नेमकं त्याच वेळी मला भातखाचरावर उतरलेला ढग दिसतो. गाडी बाजूला, हॅझर्ड लाइट्स, मी बाहेर, पाच मिनिटं. पुन्हा लय लागते न लागते तोच पुढच्या वळणावर धबधबा. बाराव्या 'थांब'ला त्याने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे किल्ली माझ्या हातात दिली. 'तूच चालव. पाहिजे तिथे थांबव.'

येताना घोटीपासून शहापूरपर्यंत आमच्यात फक्त एफएम बोलत होता.

घरी येऊन फोटो मोजले, सहाशे बारा! त्यातले चारशे तरी पांढऱ्या आभाळाखालचे, सपाट, कुठल्याही कॅलेंडरमध्ये शोभतील असे. धावत्या गाडीतून काढलेल्या बऱ्याच फोटोंत वायपरही आलेला. 'हा ठेवू या' असं वाटावं असा एकच निघाला. मुतखेलजवळ आवणी चालली होती, त्यातली एक मावशी कंबर सरळ करायला उभी राहून माझ्याकडे बघतेय. तोसुद्धा तिला विचारून काढलेला नव्हता. काढल्यावर ती म्हणाली होती, 'ताई, काढताय तर कधी आणून पण द्या. नेतात समदे, देत कुणीच नाही.' मी हसून 'हो मावशी' म्हटलं आणि गाडीत बसले.

त्या ट्रिपनंतर वर्षभर आमच्याकडे 'भंडारदरा' हा शब्द जपून वापरला जायचा.

उजेड किती वाजता?

खरी गोम माझ्या लक्षात आली ती पुढच्या वर्षी, फोटोंचा फोल्डर रिकामा करताना. सगळे फोटो साडेअकरा ते साडेचार या वेळेतले होते. म्हणजे ज्या वेळात लॅण्डस्केप फोटोग्राफरने खरं तर जेवून झोपावं, त्या वेळात मी बारा वेळा गाडी थांबवली होती. आणि सकाळी सहा-साडेसहाला, जेव्हा खरोखर थांबायला हवं होतं, तेव्हा हॉटेलच्या खोलीत घोरत होते.

डोंगराचा आकार दिसतो तो सावलीमुळे. ऊन तिरपं असलं की प्रत्येक सोंडेला एक उजळ आणि एक काळोखी बाजू मिळते, कातळाचे थर उठून दिसतात. सूर्य डोक्यावर आला की तोच रतनगड पुठ्ठ्याचा वाटायला लागतो. आणि आपल्याकडे हा तिरपा उजेड फार थोडा वेळ असतो. परदेशी मासिकांत 'गोल्डन अवर'बद्दल वाचून आपण तासाभराचा हिशोब करतो, पण तिकडे सूर्य कलत कलत मावळतो, आपल्या अक्षांशावर तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. ऑक्टोबरमध्ये सोनेरी ऊन जेमतेम पंचवीस मिनिटं आणि मावळल्यानंतरचा निळा उजेड आणखी वीस-बावीस मिनिटं. म्हणजे एका टोकाला पाऊण तास. शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ धरली तर दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये फोटोचा खरा वेळ आहे दीड तास!

हे गणित मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'म्हणजे बाकीचा सगळा वेळ मी न थांबता गाडी चालवू शकतो?' अगदी! तह झाला. दीड तास माझा, त्या वेळात घड्याळाकडे बघायचं नाही आणि 'झालं का?' विचारायचं नाही. उरलेला वेळ त्याचा, त्या वेळात कॅमेरा डिकीत. खांद्यावर नाही, मांडीवर नाही. डिकीत.

एकच रिंगण, दोनदा

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये, दसरा होऊन आठवडा उलटल्यावर, पुन्हा तिथेच गेलो. मुद्दाम. नवी जागा घेतली असती तर पुन्हा शोधाशोध आली असती. शिवाय भंडारदऱ्याचा नकाशाच या तहासाठी बनवल्यासारखा आहे. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्यामागे पसरलेला आर्थर लेक आणि त्या पाण्याला वळसा घालणारा रस्ता. शेंडीहून निघायचं, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पलीकडच्या काठाने परत शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचं रिंगण. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रतनगड, तिकडे अलंग-मदन-कुलंगची भिंत, आणि मागे १६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. कुठेही 'हा पॉइंट राहिला' म्हणून उलटं फिरायला नको.

शनिवारी सकाळचा उजेड आम्ही सरळ सोडून दिला. पहाटे तीनला उठून, पेंगत गाडी हाणून सूर्योदय गाठायचा हा वेडेपणा करू नका, प्लीज. सातला चहा पिऊन निघालो. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. भिवंडीजवळ आमण्याला चढायचं, सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जायचं आणि थेट इगतपुरी. (टू-व्हीलरला मात्र समृद्धीवर बंदी आहे, बाइकवाल्यांनी जुनाच घाट.) घोटीला टाकी फुल केली, कारण पुढे पेट्रोलच्या भरवशावर राहू नये. बारीवरून जाताना कळसूबाई चढायला आलेल्या पोरांची झुंबड दिसली. अकराच्या आत शेंडी.

दुपारी बारा ते तीन नवऱ्याची वेळ. त्याने अख्खं रिंगण एका दमात मारलं. रस्ता काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी पावसाने पार उखडलेला, पण वाहनं कमी आणि वळणं झक्कास. मी शेजारी बसून वहीत लिहीत होते. मुतखेलनंतर दुसरा मोठा वाकण, डावीकडे खाचरं, मागे पाणी. रतनवाडीच्या अलीकडे किनाऱ्यापर्यंत उतरणारी पायवाट. घाटघरची पार्किंगची जागा, कड्यापर्यंत चालायला किती मिनिटं. सगळं कॅमेऱ्याशिवाय. खरं सांगते, पहिला अर्धा तास हात शिवशिवत होते. भाताला रंग चढत होता, बांधांवर सोनकीची शेवटची पिवळी फुलं होती, आणि मी ती फक्त बघत होते. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. फोटो काढायचाच नसला की माणूस जास्त बघतो. वर्षापूर्वी मी याच रस्त्याने गेले होते आणि रतनवाडीतून रतनगडाचं नेढं इतकं स्पष्ट दिसतं, हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

जेवण एका घरात सांगून ठेवलं होतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर वाफाळता भात. अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात प्रचंड पाऊस पडतो, वर्तमानपत्रवाले घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, चेरापुंजी मात्र अजून नगरचीच). भात इथलं मुख्य पीक. पोटभर खाऊन तासभर झोपलो. दुपारी झोपणं हा या प्लॅनमधला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तोच सगळे गाळतात.

सगळं पांढरं

साडेचारला घाटघर. इथे पठार एकदम संपतं आणि खाली कोकण सुरू होतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, म्हणजे सूर्यास्तासाठी याहून चांगली जागा नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्पही याच उताराचा फायदा घेतो. विजेची मागणी वाढली की वरच्या धरणातलं पाणी खाली सोडायचं, वीज करायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. नवऱ्याला हे प्रकरण इतकं आवडलं, की पुढची वीस मिनिटं तो माझ्याशी त्याच विषयावर बोलत होता.

तेवढ्यात खालून धुकं आलं.

पाच वाजता समोरचं सगळं पांढरं झालं. कोकण नाही, सुळके नाहीत, दहा फुटांवरचं रेलिंगही धूसर. वर्षभर वाट बघितलेला पाऊण तास डोळ्यांदेखत चालला होता. मी चिडचिड करायला लागले आणि कॅमेरा घेऊन जराशी पुढे सरकले. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा, एक पाऊल, अजून एक. मागून नवऱ्याने माझ्या कॅमेऱ्याचा पट्टा पकडला आणि जोरात ओढला. मी चिडून वळले, तर त्याने बोट दाखवलं. रेलिंग संपलं होतं. मी ओल्या गवतावर होते आणि पुढे गवताची किनार होती, बस्स.

दोघंही काही बोललो नाही. माझे पाय थोडा वेळ लटपटत होते. शेजारीच तीन मुलं रेलिंगपलीकडे उतरून रील करत होती, त्यांना माझ्यासकट चार जणांनी हाका मारल्या, तेव्हा ती हसत हसत वर आली. जून २०२४मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. आणि बघून आपण सगळ्यांनी 'कशाला जातात पाण्यात' असंच म्हटलंय. मी पाण्यात गेले नव्हते. मी फक्त एक चांगली फ्रेम शोधत होते. तेव्हापासून एक नियम केलाय. डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचा नाही. हलायचं असेल तर कॅमेरा खाली, नजर जमिनीवर, मग पाऊल.

सहाला बरीच गर्दी पांगली. 'काही दिसत नाही यार' म्हणत गाड्या वळल्या. तहात ठरल्याप्रमाणे नवऱ्याने 'झालं का?' विचारलं नाही. तो थर्मासमधला चहा पीत बसला. सव्वासहाच्या सुमारास, सूर्य मावळायच्या वेळी, वारा फिरला आणि धुकं कड्याच्या खाली दबलं. वर सुळके सुटे झाले, मागे एकावर एक डोंगररांगा, आधी तांबूस, मग जांभळ्या, मग निळ्या. सात-आठ मिनिटं. मी अकरा फोटो काढले. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून ठेवलं होतं, कारण धुकं बघितलं की कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. मोबाइलवाल्यांनीही स्क्रीनवर बोट दाबून उजेड किंचित वर सरकवायचा, तेच काम होतं. मग पडदा पुन्हा पडला.

परतीचे शेंडीपर्यंतचे वीसेक किलोमीटर खरी परीक्षा होती. अंधार, धुकं आणि रस्त्यात बसलेली गुरं. इथे मला कळलं, की गाडी चालवायला येणं म्हणजे काय. त्याने हेडलाइट लो बीमवर ठेवले. हाय बीम टाकला की धुकंच चमकतं आणि पुढचं काही दिसत नाही. समोरून एक जण चारही इंडिकेटर लुकलुकवत आला. धुक्यात हे नक्की करू नका, गाडी उभी आहे की चालतेय हेच कळत नाही. तीस-पस्तीसच्या वर काटा गेला नाही. मी काच खाली करून कडेची पांढरी रेघ, जिथे होती तिथे, सांगत होते. 'डावीकडे आहे. आहे. आता नाहीये, हळू.' एकही 'थांब' नाही. आमच्या लग्नाला तीन वर्षं झालीत, इतकं मुद्द्याचं आम्ही क्वचितच बोललो असू.

रविवार, सहा वाजून सत्तावीस मिनिटं

सूर्योदयाची वेळ होती सहा सत्तावीस. आम्ही पावणेसहाला वहीतल्या त्या पायवाटेने पाण्याशी. एसी आदल्या रात्रीच बंद, कारण थंड गाडीतून काढलेल्या लेन्सवर बाहेरच्या दमट हवेत लगेच वाफ धरते आणि ती पुसत बसण्यात दहा मिनिटं जातात. सकाळी सूर्य पाठीशी आणि रतनगड समोर. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. माथ्यावर ऊन आधी आलं, मग ते एक एक थर खाली उतरत गेलं. ट्रायपॉड लावून मी शांतपणे तीच फ्रेम पुन्हा पुन्हा घेतली. नवरा दगडावर बसून पाण्यात खडे मारणार होता, मी हात जोडल्यावर थांबला.

सात वाजता माझा वेळ संपला. कॅमेरा मी आपणहून डिकीत ठेवला. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं. काळ्या दगडातलं, कोरीवकामाने भरलेलं, शेजारी पुष्करणी. आत मोबाइलसुद्धा काढला नाही.

मुतखेलला मात्र थांबायचं होतं. जुलै २०२४चा तो फोटो मी प्रिंट करून नेला होता. विचारत विचारत घर सापडलं. मावशी नव्हत्या, लेकीकडे गेल्या होत्या. सुनेने हात पुसून फोटो घेतला, निरखून बघितला आणि खुदकन हसली. 'पदर बघा कसा झालाय. आत्या चिडतील.' मग आत जाऊन सासऱ्यांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'हे आपलं खालचं वावर.' चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. निघताना सूनबाई म्हणाल्या, त्यांचाही एक काढा, पण थांबा, साडी बदलून येते. कॅमेरा डिकीत, वेळ नवऱ्याची, साडेआठचं करकरीत ऊन. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डिकी उघडली.

तो फोटो अजून द्यायचा बाकी आहे.

जाल तेव्हा

मुंबईहून भंडारदरा पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, नाशिकहून सत्तर-पंचाहत्तर. पुणेकरांनी नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं यावं. राजूरकडून येताना वाटेत रंधा धबधबा लागतो. सप्टेंबर संपता संपता ते ऑक्टोबरअखेर हा सर्वांत सोयीचा काळ. पाऊस ओसरलेला, हिरवं टिकलेलं, हवा धुतलेली. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे भन्नाट, पण उजेडाची खात्री नाही आणि साम्रदच्या सांदण दरीत त्या दिवसांत उतरायचंच नाही. मे अखेर ते पहिल्या पावसापर्यंत काजवे असतात. तेव्हा गेलात तर फ्लॅश आणि हेडलाइट दोन्ही बंद, आणि वनखातं सांगेल त्या वेळेला बाहेर.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर पावती घ्या, परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नका. रिंगणावर मोबाइलची रेंज कुठेही दगा देते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. कॅमेऱ्याबरोबर ट्रायपॉड हवाच, आणि एक पोलरायझर घेतलात तर ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी जाऊन खरा रंग दिसतो. रविवारी दोनच्या आत शेंडी सोडा. चारनंतर निघालात तर भिवंडीच्या अलीकडे तुमचा निळा उजेड पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांचा असेल.